आवाज आला की हात वर

रोपवाटिकेतल्या काकूंचा संसार रुळांच्या पलीकडचा. मागे नदीचा बांध, पुढे रूळ, आणि मधल्या चिंचोळ्या तुकड्यात दोन खोल्या आणि तीन हजार रोपं. बाहेर पडायला वाट एकच, खासगी वापराच्या फाटकातून. फाटक रेल्वेचं, कुलूपही रेल्वेचं, किल्ली तेवढी काकांकडे. परवानगी काकांच्या नावावर, ती त्यांच्या हयातीपुरती. नवी कोणालाच द्यायची नाही असं वरून ठरून पंधरा वर्षं झाली होती. शिवाय दर दोन वर्षांनी साहेब येणार आणि काकांना नीट दिसतं का, ऐकू येतं का, ते जागेवरच तपासणार.

दिसण्याचा प्रश्न नव्हता. पण डावीकडे वळण, वळणावर टेकडी. तिथून येणारी गाडी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, ती आधी ऐकावी लागते. आणि वर्षभरात काकांचे दोन्ही कान गेले होते. यंत्र आणलं, तर त्यातून नुसती खरखर. डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता यंत्र तरी काय करणार. अगदी कानाशी ओरडलं तर चार शब्द कळायचे, तेवढेच.

नापास झाले की कुलूप बदलणार. मग टेम्पो बाहेर पडणार नाही, रोपं बाजारात जाणार नाहीत आणि दोघांना मुलीकडे जावं लागणार. तिसरा मजला, कुंडी ठेवायला खिडकीला कठडासुद्धा नाही. एकतीस वर्षं मातीत हात घालून बसलेल्या बाईने तिथे दिवसभर करायचं काय?

म्हणून काकूंनी लबाडी केली. आयुष्यात पहिल्यांदा, पण केली ती अगदी मन लावून. फाटकावर उभ्या काकांना दिसेल अशा जागी त्या झारी घेऊन वाफ्यात उभ्या राहायच्या. भोंगा ऐकू आला की झारी खाली. झारी खाली की काकांचा हात वर. आठ दिवस तालीम चालली. काका पहिल्या दिवशी झारीऐवजी काकूंच्या तोंडाकडेच बघत बसले आणि दोन गाड्या चुकवल्या.

साहेब आले. हातात घड्याळ, काखेत फाइल. तीन गाड्या गेल्या, तिन्ही वेळा काकांचा हात वेळेवर वर गेला.

"काकांचे कान तर माझ्यापेक्षा तिखट आहेत," साहेब म्हणाले आणि सही करून गेले.

काकूंनी पदराने डोळे टिपले. आता दोन वर्षांची चिंता मिटली असं त्यांना वाटलं. काकूंसारखी शहाणी बाईसुद्धा अशा वेळी चार पावलांपुढचं बघत नाही.

कारण काकांना पास होणं चढलं. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "अगं, तिसरी गाडी मला खरंच ऐकू आली."

काकू त्यांच्या कानाशी ओरडल्या. "नाही आली, अहो. मी झारी ठेवली होती."

"झारीच्या आधीच आली. कान सुधारतायत माझे."

काकू त्यांना दोनदा, तीनदा मोठ्याने सांगून थकल्या. काका हसत जेवत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी काकू आत कणीक मळत होत्या आणि वळणापलीकडे भोंगा वाजला. त्या सवयीने दारात आल्या. टेम्पो जागेवर नव्हता. तो फाटकाशी उभा होता, फाटक सताड उघडं, आणि काका आत बसून किल्ली फिरवत होते. त्यांनी काकूंना सांगितलं नव्हतं, हाक मारली नव्हती, निघाले होते आपले एकटेच.

काकू ओरडल्या. ओरडून काही उपयोग नाही हे माहीत असून पुन्हा ओरडल्या. कणकेच्या हातांनी धावल्या. टेम्पोने आचका दिला, पुढचं चाक फाटकाच्या रेषेवर गेलं आणि इंजिन बंद पडलं. थंडीत ते नेहमीच पहिल्यांदा बंद पडायचं. पुढच्याच क्षणी गाडी समोरून धडधडत गेली.

काका पांढरेफटक पडले. मग म्हणाले, "आज वारा उलटा होता, म्हणून."

काकूंनी टेम्पो मागे घ्यायला लावला, फाटक लावलं, कुलपाची किल्ली काढून घेतली आणि घरात येऊन फोन उचलला. काका मागोमाग येऊन समोरच्या खुर्चीत बसले. काकूंनी ना आवाज लहान केला, ना पाठ फिरवली.

"साहेब, ह्यांना काहीच ऐकू येत नाही. त्या दिवशी मी खूण करत होते. तुम्ही कुलूप बदला. हो, शुद्धीवर आहे मी. आजच बदला, उद्या माझा धीर राहायचा नाही."

फोन ठेवला तेव्हा त्याला कणीक चिकटली होती.

"कोणाला केलास?" काकांनी विचारलं.

काकू त्यांच्या कानाशी वाकल्या. "साहेबांना. दुपारी येतायत."

"पुन्हा तपासायला?" काका म्हणाले. "येऊ दे की. तू ये फक्त झारी घेऊन."