बंदूक शेजारी ठेवायची

आबा दुसऱ्याची काजूची बाग राखायचे. रानडुकरांसाठी मालकाने दिलेली ठासणीची बंदूक ही आमच्या घरातली एकमेव किमती वस्तू, आणि तीही आमची नव्हती. दोन वेळ पेज मिळाली तर दिवस चांगला. त्या घरातून मी बी.कॉम. झाले, घराण्यात पहिली. हे मी सांगणारच.

नव्वदच्या सुरुवातीला लग्न होऊन शारजाला निघाले, तेव्हा एसटी स्टँडवर आई आणि आबा, दोघंच. वर्षभरात माझी धाकटी बहीण सुमी, बारावी नापास, इंजिनिअर नवऱ्यामागे अमेरिकेला निघाली, तर अख्खी वाडी हार घेऊन उभी. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय ते दुखतंय. शारजातल्या अल नहदा भागात माझ्या खिडकीसमोर दुसऱ्या टॉवरची खिडकी, रोज दुबईचं ट्रॅफिक. आणि तिच्या फोटोत हिरवळ, दोन गाड्या, बर्फात खेळणारी तिची लेक नेहा.

नेहा सातवीत असताना एका शुक्रवारी सकाळी सुमीचा फोन आला. तिच्याकडे अजून गुरुवारच होता. शेजारचा मुलगा शाळेच्या बसमध्ये नेहाला म्हणाला होता, सोमवारी शाळेत येऊ नकोस. त्याच्या घरात बापाच्या बंदुका, आणि कपाटाला कुलूप नाही.

"नेहाला सोमवारी घरीच ठेवते गो ताई."

खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं. घे म्हटलं, तुझी अमेरिका! पण नेहाने फोन घेतला. "मावशी, ही वॉजन्ट जोकिंग." तिला म्हटलं, आईला दे फोन.

"आणि बाकीच्यांच्या पोरी?" मी सुमीला विचारलं.

"इथं कुणी कुणाच्या घरात नाक खुपसत नाही. आमच्यावरच केस करतील. तुला काय कळणार तिथं बसून?"

"बरं, मला नाही कळत. आबा पिऊन यायचे तेव्हा आई काय करायची, ते तू सांग."

आबा पिऊन, चिडून आले की आई बंदूक गोधडीत गुंडाळायची आणि शेजारच्या भिकूकाकांकडे नेऊन ठेवायची. "माणसाच्या पोटात दारू असली की बंदुकीत नको," म्हणायची. सकाळी आबा तिकडे जायचे. काकू चहा द्यायची. काका विचारायचे, "काय झालेलं रे काल?" आणि आबा सगळं सांगायचे. मग बंदूक मिळायची. कायद्यात बसत नसेल हे, पण यात आपला अपमान झाला असं आबांनाही कधी वाटलं नाही.

"अगं, ती वाडी होती," सुमी म्हणाली.

"मग तू हो भिकूकाका. आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन कर, सकाळी शाळेला. खलास."

तिने केला. पोलिसांनी बंदुका नेल्या. बाप आधी भडकला, मग पायरीवर बसून रडला म्हणे. पोराने खरंच शाळेत बंदूक न्यायचा बेत केला होता. कित्येक महिने त्याच्याशी कुणी धड बोललंच नव्हतं. त्याच्यावर उपचार सुरू झाले, आणि सुमी त्याच्या आईकडे शंकरपाळे घेऊन जात राहिली.

शाळेच्या मुख्याध्यापिका फुलं घेऊन सुमीच्या घरी गेल्या. तो फोटो गावी आईने कपाटावर लावला, मी नेलेल्या खजुराच्या डब्याला टेकवून! युक्ती आईची, आठवण माझी, फुलं सुमीला.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, माझी मुलं मला विचारतात, "ममा, व्हेअर इज होम?" आमच्या समोरच्या मल्याळी बाईकडे माझ्या फ्लॅटची किल्ली असते. आमच्याकडे आवाज चढला की ती सरळ आत येते, "क्या हुआ, दीदी?" मला राग येतो, मग मी चहा टाकते. घर म्हणजे आता मला एवढंच लागतं.

सुमीचा हेवा मला आजही वाटतो. त्या सोमवारी नेहाची शाळा भरली, सुटली, आणि सगळी मुलं घरी गेली.