मीनाताईंचा तास परवडतो का?

नाशिकरोडला आमचं कर्णबधिरांसाठी छोटंसं समुपदेशन केंद्र आहे. लोकांना वाटतं, तिथे काय, शांतताच असणार. कसली शांतता! दिवसभर खो खो हसणं चालू. आणि किस्से एवढे साठलेत की सांगता सांगता चहाचे तीन राउंड होतात. नावं-गावं बदलून सांगते हं!

माझे आई-बाबा कर्णबधिर, म्हणून मी इथे दुभाषी. मीनाताई स्वतः कर्णबधिर, त्या थेट खुणांच्या भाषेत समुपदेशन करतात. आणि आमचे खजिनदार कुलकर्णीकाका दर मीटिंगला एकच पालुपद लावायचे, "वेगळा माणूस परवडतो का? कागदावर लिहून विचारा की!" मार्चमध्ये मीनाताईंची पोस्ट ठेवायची की बंद करायची, ते ठरणार होतं.

*

कागदाचा प्रयोगही झाला होता बरं का! मीनाताई आणि मी, दोघीही यायच्या आधी. येवल्याचे एक विणकर आले. त्यांची भाषा हातांची, लिहिलेलं मराठी जेमतेम. समुपदेशक मॅडमनी सुबक अक्षरात लिहिलं, "मनात काय चाललंय?"

विणकरांनी बराच विचार करून लिहिलं, "चालत नाही. बसने आलो."

असे सहा तास गेले! पुढे मीनाताईंना पहिल्याच तासात कळलं, त्यांचा भाऊ वारला होता आणि कसा, ते घरात कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. काकांना म्हटलं, "आता करा हिशेब!"

*

नव्या खोलीसाठी काकांनी साउंडप्रूफ भिंतींचं कोटेशन मागवलं. आकडा बघून मला घाम फुटला. वर म्हणतात, "प्रायव्हसी नको का?"

"काका, आमच्याकडे गुपित काचेतून फुटतं! दाराच्या काचेला पडदा लावा."

*

लासलगावचं एक जोडपं. बायकोची तक्रार, "भांडण रंगात आलं की हा डोळेच मिटून घेतो!" डोळे मिटले की विषय खल्लास. मीनाताईंनी नियम घातला, भांडण संपेपर्यंत डोळे उघडे.

पुढच्या वेळी बायको म्हणाली, "आता मिटत नाही. पण परवा भांडताना लाइट गेली. बाहेर जाऊन बघते तर फक्त आमच्याच घरची!"

*

खुणांच्या भाषेत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. मीनाताईंचं, गालावरची खळी. काकांचं? अंगठा बोटावर घासायचा, पैसे! काकांना वाटलं, हा इथला नमस्कारच. वार्षिक कार्यक्रमात दारात उभं राहून त्यांनी प्रत्येक पाहुण्याला हसत हसत तोच केला.

त्या वर्षी देणग्या दणकून आल्या!

*

मार्चची मीटिंग. मीनाताई मान खाली घालून बसलेल्या. नांदगावची सुनंदा, शिवणकाम करणारी, अनुभव सांगायला आली. सोबत थोरला भाऊ. आठ वर्षं डॉक्टरांकडे तोच न्यायचा आणि तोच बोलायचा.

काकांनी विचारलं, "काय फायदा झाला?"

भाऊ सवयीने सुरू झाला, "लय फरक हाय साहेब, आता ही..."

सुनंदाने धाडकन टेबलावर हात मारला. काकांचा चहा सांडला. तिचे हात झरझर चालले आणि मी मोठ्याने सांगत गेले, "प्रश्न मला विचारलाय. आठ वर्षं गोळ्या मी खाल्ल्या, दुखणं दादाने सांगितलं. मला पहिल्यांदा विचारलं ते मीनाताईंनी."

काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "पोस्ट कायम."

मीनाताईंनी मला कडकडून मिठी मारली. मी तर रडलेच!

फॉर्म भरता भरता काकांनी थेट सुनंदाकडे बघून विचारलं, "ताई, अजून किती तास लागतील?"

"माझे संपले. आता दादाला बसवा!"