रोझाबाय आमच्याबरोबर येते

वेळ सकाळी साडेअकरा. स्थळ डिचोलीचा बसस्टँड. पेडण्याकडे जाणारी बस गच्च भरलेली. जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीच्या, सीटवर माझी बायको शैला, तिच्या शेजारी एक बाहुली आणि बाहुलीच्या शेजारी मी. उभा आणि भांडत!

पत्रकाराकडे मंत्र्यांचे किस्से साचत असतील, असं लोकांना वाटतं. मंत्र्यांचं काय, आमच्या गोव्यात ते किस्सा पुरा व्हायच्या आत बदलतात. माझ्याकडे साचलेत ते या बाहुलीचे. ती बदलत नाही आणि राजीनामाही देत नाही.

तिचं नाव रोझा. माझा मेव्हणा उल्हास बोटीवर असतो आणि बंदराबंदरांतून बाहुल्या जमवतो. ही लिस्बनहून आणलेली. चिनीमातीचा चेहरा, पांढरा लेसचा झगा, डोक्यावर हॅट. असल्या मोजक्याच केल्या होत्या म्हणे. बोटीवर परत जाताना त्याने ती शैलाच्या हाती दिली आणि म्हणाला, "ताई, माझी एकही जत्रा धड होत नाही. तुम्ही जाल तिथे हिला न्या, भावोजींना फोटो काढू देत आणि मला पाठवा. फक्त चेहऱ्याला कोणाचा हात लागता कामा नये. डाग पडला की संपली!"

शैलाने शब्द दिला. मला कोणी विचारलं नाही.

तर बस. कंडक्टर म्हणाला, "बाये, हे सीटीचें तिकीट?"

मी उसळलो. प्रवाशाचे हक्क, सामानाचे नियम, सगळं ऐकवलं. "वस्तूला तिकीट कसलं मागतोस?"

त्याने रोझाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरें, तिकीट नाका. पूण पत्रकारांनू, तुमी मात्शे फाटीं सरा. पावणेक वारें लागूं दी!"

पेडण्यापर्यंत मी मागे सरकून उभा.

*

इब्रामपूरला शैलाची मावशी असते. घरी आलेल्या बाईमाणसाला ती रिकाम्या हाताने पाठवत नाही. ओटीचं ताट घेऊन बाहेर आली, शैलाची ओटी भरली आणि रोझासमोर थबकली.

"हिचा लगीन झाला काय गो?"

"नाही गं मावशी," शैला हसून म्हणाली.

"मगे ओटी नाय. कुंकू पुरे." आणि शैला हात पुढे करेपर्यंत चिनीमातीच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकलंसुद्धा!

घरी येऊन शैलाने ओला कापूस फिरवला, खोबरेल लावून पाहिलं. लाल होतं ते गुलाबी झालं, त्यापुढे हटेना. रात्री ती जेवली नाही. "उल्हास पुन्हा माझ्या दारात येणार नाही."

मी म्हटलं, फोटो बाजूने काढतो. ती म्हणाली, "माझ्या भावाशी खोटं नको." समोरून काढलेला फोटो गेला.

कुठल्याशा बंदरातून उत्तर आलं. "पुसू नका. कॅप्टन विचारत होता, ही तुझी बहीण का. मी हो म्हटलं."

शैला दोन वेळचं जेवली.

*

पाळी गावात भजनी सप्ताह होता. त्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक धावतात. धुळीबद्दल मी लिहून लिहून थकलो होतो. प्रत्येक बातमीनंतर खाणीच्या ऑफिसातून खुलासा यायचा. रस्त्यावर रोज पाणी मारतो, धूळ नाही!

सप्ताहाहून परतलो तेव्हा रोझाचा झगा विटेच्या रंगाचा झाला होता. मी तसाच खाणीच्या ऑफिसात घुसलो आणि तिला मॅनेजरच्या टेबलावर उभी केली.

"सकाळी पांढरी होती. आता बोला!"

मॅनेजरने चष्मा पुसला. तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"कुठली ही?"

"लिस्बनची."

"मग धूळ तिथलीच असेल."

*

भाषेच्या वादाचे दिवस. पेडण्यात मराठीच्या बाजूने सभा होती. मी बातमीला, शैला ऐकायला, रोझा पुढच्या रांगेतल्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर. तेवढ्यात एक म्हातारे स्वातंत्र्यसैनिक काठी आपटत आले.

"ही पाखलीण हांगा कोणें हाडली? हांकां घालोवपाक हांव बंदखणींत गेलां!"

पाखले म्हणजे पोर्तुगीज, बंदखण म्हणजे तुरुंग. शैला कोंकणीत उत्तरली, म्हातारे कोंकणीत चढले, लोकांनी कोंकणीतच मध्यस्थी केली. सभा मराठीची आणि भांडण कोंकणीत! आमच्याकडे असंच चालतं, आणि त्यात बिघडलं काय, हे मला दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी सांगू नये.

शेवटी म्हातारे तिच्याच शेजारी बसले, कारण दुसरी कदेलच रिकामी नव्हती. ऊन चढलं. भाषणं लांबली. फोटो काढायला कॅमेरा वर केला तर काय पाहतो, म्हाताऱ्यांची छत्री रोझाच्या डोक्यावर आणि ते स्वतः उन्हात!

मी पाहतोय म्हटल्यावर पोरीच्या आजोबासारखे खेकसले, "राजकारण वेगळें, चेडूं वेगळें!"

*

उल्हास यायच्या आधीची शेवटची जत्रा पेडण्याकडचीच. भरदुपारी पालखी निघाली. गर्दीत पुढे जाता येत नाही, म्हणून बाया तान्ही मुलं हातोहात पुढे देतात. मूल पालखीला टेकवलं जातं आणि तसंच हातोहात आईकडे परत येतं. शैलाने रोझाला खांद्याशी धरलं होतं. पुढच्या बाईने मागे न बघताच हात केला, "दी गो, दी!" आणि घेतली!

रोझाची हॅट डोक्याडोक्यांवरून पुढे गेली, दिसेनाशी झाली. शैलाचा चेहरा त्या चिनीमातीहून पांढरा. मी ओरडलो, पण ढोलांपुढे माझं कोण ऐकतो? बऱ्याच वेळाने रोझा तशीच तरंगत परत आली. हॅटवर अबोलीच्या फुलांचा वळेसर, अंगावर गुलाल. शैलाने तिला छातीशी घट्ट धरली ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

घरी गुलाल झटकताना लेसच्या कॉलरखाली बोटाला काहीतरी लागलं. काळी पोत, मध्ये पिवळे मणी. अडकलेली नव्हे, कोणीतरी गळ्यात नीट बांधलेली, गाठ मारून.

चार दिवसांनी उल्हास आला. बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसून त्याने रोझाला मांडीवर घेतलं, कपाळावरचा गुलाबी डाग पाहिला, हसला. मग पोत दिसली.

"ताई," तो म्हणाला, "बहिणीचं लग्न लावलंत आणि कान पिळायला भावाला बोलावलं नाही?"

मग त्याने ती पोत उजेडात धरली आणि त्याचं हसू थांबलं. आम्ही तसेच उठून डिचोलीच्या सोनाराकडे गेलो. त्याने मणी घासून पाहिले. सोनं अस्सल होतं.

मी माझ्या पेपरात ठळक बातमी दिली. पोत सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी. आमच्या तालुक्यात चुकलेल्या एका म्हशीवर दोन-दोन मालक हक्क सांगतात. या पोतीसाठी अजून एकही बाई आलेली नाही.