सरांचा फोटो केवढा घ्यायचा

पत्रक लिहिणं सोपं असतं. अवघड असते ती त्याच्या वरची पट्टी. पक्षाच्या शहर कार्यालयात कामाला लागले आणि पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. तोवर मी कॉलेजात पत्रकं लिहायचे, फीवाढीवर, हॉस्टेलच्या जेवणावर, झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या. वर मागणी, खाली सभेची जागा, संपलं. इथे मजकुराच्या आधी डोक्यावर नेत्यांच्या फोटोंची आडवी पट्टी लागते. कोण कोणाशेजारी, कोणाचं डोकं कोणाच्या वर, कोण कमरेपर्यंत आणि कोण नुसता गोलात, हे ठरेपर्यंत खालचा मजकूर कोणी वाचत नाही. ठरल्यावरही वाचत नाही.

कार्यालय नारायण पेठेत, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर. माझं टेबल अध्यक्षांच्या खोलीच्या दाराला लागून. ते दार नीट लागायचं नाही, त्यामुळे आत काय बोलणं चाललंय ते मला कान न देताही कळायचं. मी विदर्भातून शिकायला आलेली, पुण्यात माझं ना घर ना जातभाई, म्हणून बहुधा कोणी माझ्यासमोर आवाजही खाली करायचं नाही.

शहराध्यक्षांना सगळे सर म्हणत. संध्याकाळच्या कॉलेजात कॉमर्स शिकवून निवृत्त झालेले. स्वच्छ माणूस. हे मी उपहासाने लिहीत नाही, खरंच स्वच्छ. पण अध्यक्ष झाले ते स्वच्छ म्हणून नाही. पक्षात दोन गट होते आणि सर दोन्हींत नव्हते. एवढीच पात्रता.

एक गट काकांचा, म्हणजे पेठांमधला. काका कैक वर्षं नगरसेवक राहिलेले, कार्यालयात पंख्याखालची खुर्ची त्यांची, आणि बोलणं असं की समोरच्याला घरी गेल्यावर लागावं. एकदा मी उशिरा पोहोचले तर म्हणाले, "या. आम्हाला वाटलं आता निकालालाच येताय." दुसरा गट शेठचा, शहरात मागाहून आलेल्या गावांमधला. शेठच्या शेतजमिनीवर आता लॉन्स होती. तिथे लग्नं लागायची, आणि निवडणूक जवळ आली की मेळावे. काका आणि शेठ एका व्यासपीठावर बसले तरी मधे एक खुर्ची रिकामी ठेवायचे. त्या खुर्चीत सर बसायचे.

कात्रजला डेअरीच्या पुढे, चढावर, एक वस्ती आहे. तिथे टँकर यायचा, नळ नव्हता. तिथल्या एका बाई घरातच शिवणक्लास चालवायच्या, सगळे त्यांना वहिनी म्हणत. वहिनींनी आसपासच्या बायका गोळा केल्या आणि रिकामे हंडे घेऊन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात ठाण मांडलं. त्याचं पत्रक मी लिहिलं. वर फक्त "नळ कधी?" पट्टी नव्हती, कारण कुठला नेता येईल याचीच खात्री नव्हती. माझं तेवढं एकच पत्रक लोकांनी घडी करून खिशात ठेवलेलं मी पाहिलंय.

अधिकारी लेखी द्यायला तयार झाले त्या दिवशी सर आले. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "महापालिकेची निवडणूक होईल तेव्हा होईल. पण या प्रभागातली महिलांची जागा वहिनींची. हा माझा शब्द." बायकांनी हंडे वाजवले. मी फोटो काढला. सरांचा हात वर, मान ताठ, शेजारी चिकटून वहिनी, हिरव्या साडीत. पुढे त्या फोटोतून वहिनींना कापून आम्ही नुसते सर पट्टीत वापरायला लागलो. बाकीच्या फोटोंत सर पासपोर्ट काढायला आल्यासारखे दिसायचे, दुसरं कारण नव्हतं.

नळ आला नाही. लेखी आश्वासन तेवढं आलं. आणि बरीच वर्षं लांबलेली निवडणूक शेवटी लागली.

शेठ स्वतः कार्यालयात आले. "सर, वहिनी चांगली बाई हाय. आम्ही कुठं न्हाय म्हणतो? पण ही निवडणूक हाय, शिवणक्लास न्हाय." त्यांना ती जागा सुनेसाठी हवी होती.

"शेठ, मी शब्द दिलाय," सर म्हणाले.

"शब्द तर आम्हीबी दिलाय. घरात."

नंतर काका आत गेले. त्यांना ती जागा त्यांच्या एका कार्यकर्त्याच्या बायकोला हवी होती. खरं म्हणजे ती शेठला मिळायला नको होती. सरांनी त्यांनाही तेच उत्तर दिलं. काका म्हणाले, "उत्तम. तत्त्व चांगलं आहे, जपून ठेवा. पराभवाच्या चिंतनाला लागेल."

सरांनी दोघांना नाही म्हटलं. दाराच्या फटीतून ऐकताना मला अभिमान वाटला, लपवण्यात अर्थ नाही. कॉलेजपासून मी लिहीत आले होते की नेते दबावाला झुकतात. इथे एक जण झुकत नव्हता. वहिनी रोज फोन करायच्या. "सर काय म्हणतात?" मी सांगायचे, "ठाम आहेत." वहिनींनी मग क्लास दुपारपुरता ठेवला आणि सकाळी घरोघर फिरायला सुरुवात केली.

आणि मग पट्टी सुरू झाली.

शेठचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला. शेठचा नवा फोटो होता, फेट्यातला. "हा वर घ्या. आणि जरा मोठा." मी सरांना विचारायला गेले. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "घे. फोटोच तर आहे."

दुसऱ्या सकाळी काकांचा फोन. "आज आम्ही पोस्टाच्या तिकिटाएवढे आलोय. मागून डिंक लावायचा राहिला का?"

मी परत आत. सर म्हणाले, "त्यांचाही मोठा कर."

"पट्टी तेवढीच आहे, सर. लहान कोणाचा करू?"

"माझा कर."

मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, हे बरोबर नाही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि वर्गात समजावतात तसं समजावलं. "हे बघ, माणसाला काहीतरी द्यावं लागतं. मी त्यांना फोटो देतोय. जागा देत नाहीये." हिशेब बिनचूक वाटला. मलाही पटला.

पुढच्या पत्रकांत सर कमरेवरून छातीपर्यंत आले, छातीवरून गळ्यापर्यंत, मग गोलात. शेवटी ते खाली कोपऱ्यात, पक्षाच्या चिन्हाशेजारी जाऊन बसले. पट्टीच्या मध्यावर आता शेठ आणि काका. छापखान्यात दोघांची माणसं प्रूफवर फूटपट्टी लावून एकमेकांचे चेहरे मोजायची. हे मी रंगवून सांगत नाही. लोखंडी फूटपट्टी असायची.

सरांना एक गोष्ट लक्षात आली नाही, आणि मला फार उशिरा आली. कार्यकर्ता पत्रक वाचत नसला तरी पट्टी वाचतो. चौकातला पोरगा गठ्ठा उचलतो, वर एक नजर टाकतो आणि ठरवतो, कोणाचा फोन उचलायचा आणि कोणाचा वाजू द्यायचा. सर कोपऱ्यात गेले आणि वॉर्डातले फोन वाजत राहायला लागले. बूथच्या बैठकीला बोलावलं की "सर, जरा लग्नात आहे." एवढी लग्नं त्या वर्षी पुण्यात कोणी लावली, शेठला माहीत असेल, लॉन्स त्यांचीच.

मग मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले. वाद ऐकून घ्यायला आलेले, पण कार्यालयात आले नाहीत. थेट लोणी काळभोरला, शेठच्या पाहुण्यांच्या मळ्यात जेवायला गेले. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पडला. मटणाची ताटं, मधे निरीक्षक, एका बाजूला शेठ आणि दुसऱ्या बाजूला काका. ज्यांच्यात कायम एक रिकामी खुर्ची असायची ते मांडीला मांडी लावून भाकरी चुरत होते. सर त्या फोटोत नव्हते. त्यांना आमंत्रणच नव्हतं. त्यांनी फोटो माझ्याच मोबाइलवर पाहिला, दोन बोटांनी मोठा करून, बराच वेळ.

परवाच्या वैऱ्यांची जोडी दुसऱ्या दिवशी दुपारी एकत्र जिना चढून आली. दार नेहमीसारखं अर्धवट लागलं.

शेठ म्हणाले, "सर, आधी एक सांगतो, तुम्हीच ऱ्हावा अध्यक्ष. दोघांना चालंल असा माणूस दुसरा हाय कुठं?"

"अध्यक्षपदाला आमचा हात लागणार नाही," काका म्हणाले. "निरीक्षकांनाही तसंच सांगितलंय. एकच जागा सोडा. तिकडे शेठच्या सूनबाई, बदल्यात इकडे पेठेत आमचा माणूस, असं आमचं दोघांचं ठरलंय. नाहीतर मग आम्हाला मुंबईला जाऊन अध्यक्ष बदला म्हणावं लागेल. उगाच प्रवास."

"आणि माझा शब्द?"

"तो राहू द्या तुमच्याकडे. आम्ही कुठे मागितलाय?"

मग सर म्हणाले, "बघू."

आमच्या कार्यालयात बघू म्हणजे हो.

ते दोघं गेल्यावर सरांनी मला बोलावलं. "वहिनींना तू सांगतेस का? तुमचं बरं जमतं." मी म्हटलं, "शब्द तुम्ही दिला होता, सर." त्यांना राग आला असावा. पण उठले. गाडीत मला शेजारी बसवलं आणि स्वारगेटच्या सिग्नलला स्वतःहूनच बोलायला लागले. "मी पद सोडलं असतं तर काय झालं असतं? यांच्यातला एक कोणीतरी बसला असता. मी आहे म्हणून दोघं आवरलेले आहेत."

"आवरलेले कुठे आहेत, सर? दोघांना हवं ते मिळालं."

सिग्नल सुटला. सरांनी गाडी कात्रजच्या रस्त्याला घेतली.

वहिनींच्या दारात चपलांचा ढीग होता. आत क्लासच्या मुली नव्हत्या, प्रचाराला निघालेल्या बायका होत्या. शिलाई मशीन भिंतीला सरकवून त्यावर चहाचे कप मांडलेले. सरांना पाहून सगळ्या उभ्या राहिल्या. वहिनी म्हणाल्या, "या सर. बघून बसा, सुया पडल्यात."

सरांनी सुरुवात केली. पक्षाची परिस्थिती, वरिष्ठांचा विचार, व्यापक हित. असली वाक्यं मी त्यांना लिहून द्यायचे, त्यामुळे पुढचं वाक्य कोणतं येणार ते मला आधीच माहीत होतं. वहिनींनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"न्हाई म्हणायला आलात ना?"

"वहिनी, तसं नाही..."

"मग कसं?"

सर थांबले. "हो. यावेळी जमत नाहीये."

बायकांपैकी एकीने हातातला कप मशीनवर आपटला. वहिनींनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग सरांना विचारलं, "तुम्ही ऱ्हायलात ना अध्यक्ष?"

"हो."

"बरं झालं. कुणाचं तरी तिकीट पक्कं झालं."

सरांचे कान लाल झालेले मला दिसले. ते घाईघाईने म्हणाले, "तुमचा मान ठेवू. पत्रकावर फोटो घेऊ तुमचा. प्रभाग निमंत्रक म्हणून. माझ्या शेजारी, माझ्याएवढा."

"माझे फोटो हायत की घरात," वहिनी म्हणाल्या. "लग्नातला हाय. आधारकार्डावरचा हाय. नळ न्हाई."

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "ते तुझं जुनं पत्रक हाय का गं? बिनफोटोचं?"

"आहे."

"त्याच्या झेरॉक्सा काढून ठेव. कोन बी निवडून येऊ दे, त्याच्या दाराला चिकटवायच्या हायत."

दुसऱ्या दिवशी सूनबाईंचं पत्रक करायला घेतलं. मी ते काम नाकारलं नाही, महिनाअखेरपर्यंत तिथेच होते. शेठचा माणूस आणि काकांचा माणूस माझ्या दोन बाजूंना खुर्च्या ओढून बसले. पहिल्यांदाच एकाच्याही हातात फूटपट्टी नव्हती.

"सरांचा मोठा घ्या," एक म्हणाला.

"मधोमध," दुसरा म्हणाला. "अध्यक्ष आहेत शेवटी."

मी कोपऱ्यातला फोटो उचलून मध्यावर आणला आणि वाढवत नेला. गोल काढून टाकला. सर पुन्हा कमरेपर्यंत आले, हात वर, मान ताठ. शेठ आणि काका त्यांच्या दोन बाजूंना लहान, समसमान.

"ते खांद्याला हिरवं काय चिकटलंय?" शेठच्या माणसाने स्क्रीनवर बोट ठेवलं.

फोटो लहान होता तोवर ते कधी दिसलंच नव्हतं.

"पदर आहे," मी म्हटलं.

"कोणाचा?"

सर मागे येऊन उभे होते. उत्तर त्यांना माहीत होतं, म्हणून मी दिलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कापून टाक," ते हळू आवाजात म्हणाले.

"अगदी चिकटून उभ्या होत्या, सर. पदर कापला तर तुमचा खांदाही जाईल."

सर स्क्रीनजवळ वाकले.

"जाऊ दे," म्हणाले.

संध्याकाळी पत्रक छापून आलं आणि कात्रजला घरोघर गेलं. मधोमध, सगळ्यांत मोठे, एका खांद्याचे सर.