बांगड्यांवरची बंदी

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत कारकून होते. दसऱ्याच्या सुमारास किनाऱ्याजवळ एका जहाजातून तेल गळलं आणि पुळणीच्या वाळूवर डांबराचे काळे गोळे येऊन पडू लागले. नेमके तेच दिवस बांगडे नि तारल्या थव्याथव्याने किनाऱ्यालगत येण्याचे. तपासणीचा अहवाल येईपर्यंत ही मासळी धरू नये, असा आदेश निघाला. माझा आवाज खणखणीत, म्हणून तो बंदरावर वाचून दाखवायला साहेबांनी मलाच पाठवलं.

माझं वाचून झालं, तसे पुरुष जाळी गुंडाळू लागले. बोलली ती आमच्या दारी वर्षानुवर्षं मासळी आणणारी मावशी.

"बाय, बांगडा काय थांबनार हाय तुज्या कागदासाठी? आज हितं, उद्या मुरुडच्या पुढं गेला असंल."

"मावशी, रॉकेलचा वास मारणारा बांगडा मला विकशील?"

"नाय विकनार," ती म्हणाली, आणि बायकांकडे वळली, "चला गो, बसून काय करायचं? डांबर तरी काढू."

दुसऱ्या दिवसापासून बायका पुळणीवर उतरल्या. करवंट्यांनी डांबर खरवडून गोणपाटाच्या पोत्यांत भरू लागल्या. रविवारी मीही गेले. तळपायाला चिकटलेलं डांबर खोबरेल चोळल्याशिवाय सुटेना. "सरकारचे पाय पन काळे झाले गो!" म्हणत सगळ्या मला हसल्या.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. मासळी चांगली होती, बंदी उठली. तोही कागद मीच वाचला, आणि या वेळी शिट्ट्या मिळाल्या. पण बाजारात वेगळंच. गिऱ्हाईक यायचं, बांगडा हुंगायचं आणि पुढे जायचं. मी तिथून चालले होते, तर मावशीने मनगटच धरलं.

"बंदी हिनंच वाचलीन ना? आता हीच खाऊन दाखवील!"

शेजारच्या चहावाल्याच्या स्टोवर तिने तवा ठेवला. मीठ, मिरची, कोकम लावून दोन बांगडे तळले. भोवती ही गर्दी! खरं सांगते, मी घाबरले होते. कागद वाचणं निराळं, घास तोंडात घालणं निराळं. देवाचं नाव घेऊन पहिला घास घेतला. ताज्या, गोडसर बांगड्याचीच चव.

"कसा आहे?" एका निवृत्त गुरुजींनी वाकून विचारलं.

तोंड भरलेलं होतं. मी नुसता दुसऱ्या बांगड्याकडे हात नेला. लोक खो खो हसले. गुरुजींनी विकायच्या बांगड्यांचा पहिला वाटा उचलला, मग रीघच लागली. बारा वाजेपर्यंत मावशीची टोपली रिकामी झाली.

कचेरीत पोचायला उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मी नुसता हात पुढे केला. वास त्यांना टेबलापलीकडूनच आला.

"मिळतील अजून?"

"संपले, साहेब."

त्यांचा चेहरा असा पडला, की मला अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरतानाही हसू आवरेना.