पाठमोरी

ट्रंपेटला घालायच्या तेलाचा वास आला की बाबा आठवतात. नागपूरहून इकडे अमेरिकेत आले, तेव्हा मी कंडक्ट करते तो युनिव्हर्सिटीचा बँड त्यांनी पहिल्यांदा ऐकला. कारमध्ये म्हणाले, “पोरांनी छान वाजवलं. पण तू दीड तास लोकांकडे पाठ करून उभी! शोभतं का गं?” “वाजवणाऱ्यांकडे बघावं लागतं, बाबा.” “ते असेल. मी तुझा चेहरा बघायला आलो होतो.” दुसऱ्या दिवशी रिहर्सलला मी त्यांची खुर्ची ट्रंपेटवाल्यांच्या मागे, माझ्यासमोर मांडली. कानांत कापूस घालून ते तासभर माझ्याकडे बघत बसले. घरी येताना त्यांच्या स्वेटरला तेलाचा वास येत होता. आता बाबा नाहीत. तरी सुरुवातीला हात वर केला की नजर आधी त्या जागेवर जाते, आणि तेवढा वेळ सगळी मुलं भरलेला श्वास धरून थांबतात.