किल्लेकोट कुणी मोडला?

नोकरीत खून-दरोड्यांचे तपास पुष्कळ केले, पण मनातून जात नाही ती एका बुद्धिबळाच्या पटाची फिर्याद. महाराजांच्या कारकिर्दीत मी बडोद्यात फौजदार होतो. रावपुऱ्यात एका सरदारांच्या दिवाणखान्यात शहराच्या अजिंक्यपदाचा अखेरचा डाव चालला होता. एकीकडे एक मामलेदार, दुसरीकडे एक वकील. संध्याकाळी डाव तहकूब झाला, पट तसाच ठेवला. सकाळी पाहतात तो मामलेदारांचा राजा आणि हत्ती जागेवरून हललेले!

पंच एक हेडमास्तर होते. त्यांना बाजूला घेऊन मी विचारले, "यात फायदा कुणाचा?"

"सरळ वकीलसाहेबांचा. विलायती पद्धतीत किल्लेकोट असतो. एकाच चालीत राजा कोपऱ्याकडे सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येऊन उभा राहतो. मामलेदारांनी तो केला होता. आता दोघे मूळ घरी परतलेत. राजा उघडा पडलाय."

तेवढ्यात पहारेकऱ्याने खबर दिली, "साहेब, वकीलसाहेब सांजे पाछा आव्या'ता. एकला." म्हणजे काल संध्याकाळी वकील एकटेच परत आले होते.

जबाब घेताना वकील लालबुंद झाले. "उपरणे विसरलो होतो, ते न्यायला आलो. पटाला बोट लावले असेल तर सनद परत करीन!"

मामलेदारांची मंडळी त्यांना स्पर्धेतून कायमचे काढा म्हणून ओरडत होती. मामलेदार मात्र म्हणाले, "फौजदारसाहेब, हा माणूस एकेका चालीला तास तास लावून माझा जीव खातो, पण चोरी करायचा नाही."

पंचांनाही ते पटले. "यांना चोरायचेच असते तर एखादे प्यादे हळूच सरकवले असते. हे तर दारातूनही दिसते."

म्हणजे करणाऱ्याला काही लपवायचेच नव्हते! सकाळी दिवाणखान्यात कोण येते, याची मी चौकशी केली. सरदारांचे वयोवृद्ध काका तिथे रोज चहा घेत. मुजरा करून विचारले, "काकासाहेब, पटाला कुणी हात लावताना पाहिलेत?"

"पाहायचे काय त्यात? मीच लावला!" ते गरजले. "काल डाव पाहत बसलो होतो. एका चालीत दोन मोहरी हलवतात? माझ्या घरात लबाडी? जिथली तिथे ठेवून दिली!"

जन्मभर देशी पद्धतीने खेळलेल्या काकासाहेबांना किल्लेकोट ठाऊकच नव्हता. सगळा दिवाणखाना पोट धरून हसला. वकीलही हसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मामलेदारांचा किल्लेकोट पुन्हा रचून दिला. संध्याकाळी ते त्या किल्लेकोटापुढेच हरले, पण उठून पहिली मिठी त्यांनीच मारली.

गुन्ह्यात फायदा कुणाचा, हे प्रत्येक पोलीस विचारतो. त्या दिवसापासून मी आणखी एक विचारू लागलो: असे करणे कुणाला योग्य वाटले असेल? त्या प्रश्नाने मला कितीदा तरी एखाद्या अगदी सरळ माणसाच्या दारात नेऊन उभे केले.